कोकणात राहून फ्रीलान्स काम मिळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थीला घर माणसांनी भरतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरती झाली की कुणीतरी मला पडवीत बाजूला घेतं. कधी बारावी झालेला भाचा असतो, कधी लग्नानंतर मुंबईची नोकरी सोडून आलेली वहिनी, कधी लॉकडाऊनमध्ये गावाला आला तो परत गेलाच नाही असा शेजारचा मुलगा. "ताई, तू घरात बसून मुंबईची कामं करतेस ती तुला मिळतात कशी?" मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत राहून नऊ वर्षं मराठी-इंग्रजी भाषांतर करते आहे. यंत्रांची माहितीपुस्तकं, औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रं असलं काम असतं. पडवीत दर वेळी घाईघाईत अर्धवट सांगितलं जातं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणं माझ्या धंद्यातली आहेत, पण डिझाइन, हिशेब, वेबसाईट, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

फ्रीलान्स आणि कंत्राटी नोकरी एकच का?

नाही. फ्रीलान्समध्ये तुम्ही काम घेता, पूर्ण करून देता आणि बिल लावता. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि एका वेळी चार ग्राहक असू शकतात. कंत्राटी नोकरीत तुम्ही सहसा एखाद्या एजन्सीच्या पटावर असता, ठरलेल्या मुदतीपुरते, आणि महिन्याला पगार मिळतो. जाहिरातीत दोन्हीला 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. त्यामुळे बोलणं सुरू होताच विचारावं: मी बिल लावायचं की तुम्ही पगारपत्रक देणार?

गावात राहून खरंच जमतं?

जमतं, पण काम कुठलं यावर बरंच अवलंबून आहे. ज्या कामाची फाईल पाठवता येते आणि ज्यात दिवसभर फोनवर हजर राहावं लागत नाही, ते गावातून उत्तम होतं. भाषांतर, टॅलीतला हिशेब, वेबसाईट, ॲप, कॅडमधली ड्रॉइंग, पुस्तकाची मांडणी, व्हिडिओ एडिटिंग ही तशी कामं. रात्रपाळीच्या कॉल सपोर्टची कंत्राटं मी नव्या माणसाला सुचवत नाही. जूनच्या पहिल्याच पावसात लाईन गेली की तिथे मिनिटामिनिटाला खाडा लागतो.

सुरुवात कुठून करू? साईटवरून, एजन्सीतून की ओळखीतून?

तिन्हीकडून, पण तिघांकडून अपेक्षा वेगळ्या ठेवा. पहिलं बरं काम बहुधा ओळखीतून येतं. महिन्याची बांधलेली कमाई एजन्सीतून येते. आपल्या कौशल्याला बाहेर काय भाव आहे, ग्राहक नेमकं काय मागतात, हे अपवर्कसारख्या, ग्राहक आणि फ्रीलान्सर यांची गाठ घालून देणाऱ्या साईटवर कळतं. मी उलट्या क्रमाने गेले. पहिले सात महिने फक्त साईटवर घालवले, शंभराच्या वर प्रपोजलं पाठवली आणि तीन कामं मिळाली. आठव्या महिन्यात, चतुर्थीलाच, आईच्या मावसभावाने ठाण्याच्या एका कंपनीतल्या माणसाचं नाव दिलं. ती कंपनी आजही माझी ग्राहक आहे.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून, तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता, पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली ती कुणाच्या तरी शब्दावर. गावातला आधी गेलेला माणूस मुकादमाच्या कानावर घालायचा, आणि पोरगा गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा. गिरण्या बंद पडल्या, पण गावोगावची मुंबईतली मंडळं आहेत, त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, आणि गणपती-शिमग्याला येणारा चाकरमानी आज एखाद्या कंपनीच्या खरेदी खात्यात किंवा हॉस्पिटलच्या ऑफिसात बसलेला आहे. पुण्या-मुंबईत वाढलेल्या फ्रीलान्सरला असं जाळं उभं करायला वर्षं लागतात. आपल्याला ते जन्मतः मिळतं, आणि आपण त्याचा उपयोग रेल्वेचं तिकीट काढून घेण्यापलीकडे करत नाही.

मग चाकरमान्यांना नेमकं काय सांगायचं? "काम असेल तर सांगा" म्हटलं, पण कुणाचाच फोन आला नाही.

येणारही नाही. "काम असेल तर सांगा" हे ऐकणाऱ्याला ओझं वाटतं. तुम्ही काय करता हे त्याला धड ठाऊक नसतं, काम देणं बहुधा त्याच्या हातात नसतं, आणि साहेबाकडे शब्द टाकून उद्या तुम्ही घोळ घातलात तर त्याचं नाव जाईल ही भीती असते. म्हणून मी काम मागत नाही, नाव विचारते. तुमच्याकडे हे काम कोण बघतं, एवढंच. त्याला फक्त एक मेसेज पुढे ढकलायचा असतो, आणि तो मेसेज मीच लिहून देते. आईच्या मावसभावाने मला हेच सांगितलं होतं: "चार ओळींत लिहून दे, तशाच पुढे पाठवतो." त्या ओळी साधारण अशा होत्या:

"नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातून इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते. यंत्रांची माहितीपुस्तकं आणि हॉस्पिटलची संमतीपत्रं हा माझा विषय. दोन नमुने सोबत जोडले आहेत. तुमच्याकडे मराठी कागदपत्रांचं काम कोण बघतं, त्यांचं नाव आणि ईमेल कळला तर मी स्वतः त्यांना लिहीन."

यात गाव आहे, काम आहे, विषय आहे, नमुना आहे, आणि मागणं इतकं छोटं आहे की कुणाला नाही म्हणावंसं वाटत नाही. नमुने मोबाईलवर उघडतील असे पीडीएफ ठेवा. जुन्या ग्राहकाची गोपनीय फाईल नमुना म्हणून कधीही पाठवू नका. सार्वजनिक मजकुरावर स्वतः केलेलं काम चालतं.

आणि नाव देणाऱ्याला शेवटी कळवा. काम मिळालं तरी, नाही मिळालं तरी. मामांना मी पहिलं बिल वटल्यावर फोन केला. पुढच्या वर्षभरात त्यांनी न सांगता आणखी दोन नावं दिली.

गावाबाहेर कुणाशी ओळख वाढवू?

स्वतःच्याच धंद्यातल्या माणसांशी. हे लोकांना उलटं वाटतं, कारण ते स्पर्धक असतात. पण मला आलेल्या कामांतला मोठा वाटा दुसऱ्या भाषांतरकारांनी दिला आहे. त्यांचे हात भरलेले असतात, किंवा काम त्यांच्या विषयातलं नसतं, आणि नाही म्हणताना ग्राहकाला दुसरं नाव द्यावंसं वाटतं. जुन्या नोकरीतले सहकारी, कॉलेजचे मास्तर, पूर्वीचा साहेब हेही धरा. लिंक्डइनवर रोज लिहायची गरज नाही. प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत काम स्पष्ट असू दे, आणि महिन्यातून एकदा केलेल्या कामातली एखादी अडचण कशी सोडवली ते लिहा. माझ्याकडे संमतीपत्रांचं काम आलं ते 'प्लासिबो' (चाचणीत औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) हा शब्द खेड्यातल्या माणसाला मराठीत कसा समजवायचा, यावर लिहिलेल्या एका टिपणामुळे.

ओळखीचे लोक फुकट करून मागतात. नाही कसं म्हणू?

नाही म्हणू नका, आकडा सांगा. "याचे अठराशे होतील काका, गुरुवारी देते." ज्याला खरंच हवं तो देतो. देवळाच्या जीर्णोद्धाराचं पत्रक, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका हे मी पैसे न घेता करते आणि मनापासून करते. एखाद्याच्या हॉटेलचं मेन्यूकार्ड मात्र धंद्याचं काम आहे, मग तो सख्खा चुलत असला तरी.

अपवर्क, फायवर, फ्रीलान्सर यांतली चांगली साईट कोणती?

तिन्हींची रीत वेगळी आहे. अपवर्कवर ग्राहक काम टाकतो आणि आपण प्रपोजल पाठवतो. त्यासाठी 'कनेक्ट' खर्च होतात. एक कनेक्ट १५ सेंटला पडतो आणि एका कामाला कितीतरी लागू शकतात, म्हणजे काम मिळण्याआधीच खर्च सुरू होतो. पूर्वी अपवर्क सरसकट १० टक्के कापायचं. मे २०२५ पासून नव्या करारांवर हा दर कामानुसार शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. फायवरवर उलट आहे: आपण आपली सेवा किंमत लावून मांडायची आणि ग्राहक येऊन निवडतो. तिथे २० टक्के कापले जातात, म्हणजे शंभर डॉलरच्या कामाचे हातात ऐंशी. फ्रीलान्सर डॉट कॉमवर बोली लागते, आणि मी पाहिलं त्या कामांत ती फार खाली जाते.

भाषांतरकारांसाठी प्रोझ ही १९९९ पासूनची साईट आहे. तिच्यावरचा ब्लू बोर्ड मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण भाषांतरकार तिथे एजन्सींना गुण देतात. नवीन एजन्सीची मेल आली की आधी तिथे नाव शोधायचं, मग उत्तर द्यायचं. प्रोग्रामरांसाठी टॉपटल आहे, पण तिची निवड-परीक्षा कडक असते. कॉलेजच्या मुलांना इंटर्नशाला बरी. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर 'कॉन्ट्रॅक्ट' आणि 'रिमोट' अशा दोन्ही चाळण्या लावून शोधा.

नवख्याने एकच साईट धरावी. पाच ठिकाणची अर्धी प्रोफाइलं कुणी उघडत नाही. एक पूर्ण करा, पहिली चार-पाच कामं लहान पण तुमच्या विषयातली घ्या आणि त्यांवर चांगले अभिप्राय मिळवा. भाव पाडून काम घेण्यापेक्षा काम लहान घेणं बरं, कारण पाडलेला भाव तोच ग्राहक पुन्हा वाढवून देत नाही.

साईटवर पैसे सुरक्षित असतात का?

नियम वाचले तर बऱ्यापैकी. अपवर्कवर ठोक रकमेच्या कामात ग्राहकाने टप्प्याचे पैसे आधी साईटकडे जमा केल्याशिवाय हात लावू नका. पैसे जमा असतील आणि तुम्ही काम रीतसर सादर केलंत, तर ग्राहक गप्प बसला तरी १४ दिवसांनी ते सुटतात. अनेकजण फाईल चॅटमध्ये टाकतात आणि सादर करण्याचं बटण दाबतच नाहीत. मग ते चौदा दिवस सुरूच होत नाहीत. तासाच्या कामात साईटचा वेळ मोजणारा ट्रॅकर चालू असेल तरच पैशांचं संरक्षण मिळतं.

क्लायंट म्हणतो, साईट सोड, थेट जीपेवर देतो.

नको. साईटवर ओळख झालेल्या ग्राहकाकडून बाहेर पैसे घेणं अपवर्कला दोन वर्षं चालत नाही. खातं बंद झालं की सगळे अभिप्राय गेले. आणि अशी घाई करणाऱ्यांतले बरेच जण पैसे देतच नाहीत.

प्रपोजल कसं असावं?

पहिल्या दोन ओळींत त्याच्या कामाबद्दल बोला, स्वतःबद्दल नंतर. यादीत ग्राहकाला तेवढ्या दोनच ओळी दिसतात. "मला सहा वर्षांचा अनुभव आहे" यापेक्षा "तुमच्या पंपाच्या माहितीपुस्तकात सुरक्षेच्या सूचना तक्त्यात आहेत, मराठी मजकूर लांबतो, त्यामुळे तक्ते पुन्हा बसवावे लागतील, ते मी करून देईन" हे वाचल्यावर माणूस थांबतो. खाली एक नमुना, किती दिवस लागतील, किती पैसे आणि एक नेमका प्रश्न. प्रश्न असला की उत्तर यायची शक्यता वाढते. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली गुळगुळीत प्रपोजलं आता ग्राहक लांबून ओळखतात. इंग्रजी थोडं अडखळलं तरी तुमचं असू दे.

एजन्सी म्हणजे नक्की कोण? त्या काय करतात?

दोन जाती आहेत. एक मनुष्यबळ पुरवणाऱ्या: टीमलीज, रँडस्टॅड, क्वेस अशा. कंपनीला सहा महिन्यांसाठी माणूस हवा असतो. एजन्सी तो शोधते, आपल्या पटावर घेते, पगार देते, पीएफ कापते आणि कंपनीकडून त्यावर आपला आकार घेते. यांच्याकडे घरून करायची कामं असतात, पण बरीचशी मुंबई-पुण्याच्या ऑफिसात हजर राहायची. बायोडेटात 'सिंधुदुर्गातून रिमोट, महिन्यातून दोन दिवस मुंबईला येऊ शकते' असं सरळ लिहिलं की निरर्थक फोन कमी होतात. कुडाळहून रात्री कोकणकन्या पकडली की सकाळी ठाणं, हे त्यांना माहीत नसतं. त्यांच्या नकाशावर आपण फार लांब असतो.

दुसरी जात कामं घेऊन वाटणाऱ्या एजन्सींची: भाषांतर, डिझाइन, डिजिटल मार्केटिंग. माझं पोट मुख्यतः यांच्यावर आहे. ग्राहक शोधणं, पैशासाठी त्याच्या मागे लागणं, तपासनीस नेमणं हे सगळं त्या करतात, म्हणून ग्राहकाने दिलेल्या पैशांतला भाग त्या ठेवतात. त्यावर चिडू नये असं मला वाटतं. संमतीपत्राचं भाषांतर झालं की दुसरा माणूस ते मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत करतो, मग दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहतात. एवढा पसारा मी वाडीत बसून मांडू शकत नाही. पण एकाच एजन्सीवर अवलंबून राहू नका. माझी एक मोठी एजन्सी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि माझी निम्मी कमाई एका महिन्यात थांबली. तेव्हापासून कुणाही एकाकडून चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त उत्पन्न येऊ देत नाही.

एजन्सीशी बोलताना तीन गोष्टी मेलवर लेखी घ्या: दर कशावर (शब्द, तास की पान), बिल कधी लावायचं, आणि पैसे किती दिवसांनी. तीस दिवस चांगले, पंचेचाळीस चालतील. साठ म्हटलं तर मी सुरुवातीला एकच लहान काम घेऊन बघते.

चाचणी म्हणून फुकट काम करायचं का?

दोनशे-तीनशे शब्दांची चाचणी रीतीची आहे, ती द्या. दोन हजार शब्द 'चाचणी' म्हणून मागितले तर तो प्रकल्पच तुकडे करून फुकट करून घेण्याचा प्रकार असतो. डिझाइनवाल्यांनाही हेच: जुनं काम दाखवा, नवा लोगो फुकट नको.

काम देण्याआधी नोंदणी फी मागतात. भरावी का?

एक रुपयाही भरू नका. खरी एजन्सी काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही, ती ग्राहकाकडून घेते.

हा प्रश्न मला घरी असलेल्या बायका सर्वांत जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. 'घरबसल्या टायपिंग, पानाला चाळीस रुपये' असा मेसेज येतो. करारावर ऑनलाइन सही घेतात, स्कॅन केलेली पानं पाठवतात, आणि पाच दिवसांनी "तुमची अचूकता कमी भरली, आता दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस" असा वकिलाच्या नावाने फोन येतो. आमच्या वाडीतल्या एका मुलीने घाबरून कानातले गहाण ठेवले होते. अशा फोनवर काही भरायचं नसतं. दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा: व्हिडिओ लाईक करा, पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच देतात, मग 'मोठ्या टास्क'साठी आधी पैसे भरायला लावतात. तिसरा सगळ्यांत वाईट: "तुमच्या खात्यावर आमचे पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा." ते पैसे फसवणुकीचे असतात आणि पोलीस आधी तुमच्याच दारात येतात.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

रेट किती सांगू?

शेजाऱ्याचा विचारून ठरवू नका, स्वतःचा हिशेब मांडा. समजा घरात महिना ४० हजार लागतात. इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअर, इन्व्हर्टरची बॅटरी यांचे ८ हजार. कर, आजारपण आणि रिकाम्या महिन्यांसाठी १२ हजार. झाले ६० हजार. आता तास मोजा. दिवसाचे आठ तास बसलात तरी बिल लावता येईल असं काम पाच तासांचंच होतं. बाकी वेळ मेल, बिलं, प्रपोजलं यांत जातो. महिन्याचे वीस दिवस धरले तर शंभर तास. म्हणजे तासाला सहाशे. मग तासाला किती शब्द होतात ते घड्याळ लावून मोजा: तीनशे होत असतील तर शब्दाला दोन रुपये. समोरच्याने पाऊण रुपया म्हटला तर तुम्हाला कळतं की तुम्ही काय गमावणार आहात. घ्यायचंच असेल तर जाणून घ्या.

"गावात राहतेस, तुला खर्च कमी" असं म्हणून दर पाडणारे भेटतात. कामाची किंमत कामाची असते, मी घरचे नारळ खाते म्हणून ती उतरत नाही.

करार लागतो का?

लागतो, पण दहा पानांचा नव्हे. काय करायचं, कधी द्यायचं, किती वेळा दुरुस्त्या, पैसे किती आणि कधी, मध्येच थांबवलं तर किती. एवढं मेलवर लिहा आणि "मान्य" असं उत्तर घ्या. पहिल्यांदा येणाऱ्या थेट ग्राहकाकडून मी तीस ते पन्नास टक्के ॲडव्हान्स घेते.

कॉपीराइटबद्दल फारसं कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. नोकरदाराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम सहसा मालकाचं असतं. फ्रीलान्सरने लिहिलेल्या मजकुराचे हक्क मात्र, वेगळं ठरलं नसेल तर, त्याचेच राहतात, आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात. १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. पैसे घेऊन काढून दिलेल्या फोटोंना आणि चित्रांना वेगळा नियम आहे, तिथे हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. मी करारात एक ओळ घालते: "पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क ग्राहकाचे." पैसे अडवणाऱ्यापुढे ही ओळ कामी येते.

पैसे अडकले तर काय करायचं?

आधीच करून ठेवायची गोष्ट म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट असते. एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या कायद्याखाली ग्राहकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात वजा करता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की कंपन्यांचा हिशेब विभाग उद्यम नंबर असलेली बिलं आधी काढतो. नोंदणी काम घेण्याआधीची हवी.

मला एका एजन्सीने अडतीस हजारांसाठी पाच महिने झुलवलं. फोनवर दर वेळी "पुढच्या आठवड्यात". शेवटी मी फोन बंद केले आणि एक मेल लिहिली: बिलांचे नंबर, तारखा, उद्यम क्रमांक, व्याजाची रक्कम, आणि अमुक तारखेनंतर लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करणार. आवाज चढवला नाही. नऊ दिवसांनी मूळ रक्कम आली. व्याज मी सोडून दिलं; आज असते तर सोडलं नसतं.

टॅक्सचं काय?

कंपन्या व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला आयकर) कापतात, एका ग्राहकाकडची वर्षाची रक्कम ५० हजारांवर गेली की. कापलेले पैसे बुडत नाहीत. कर कमी बसत असेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळतात. कमाई कमी असली तरी रिटर्न भरा, कारण उद्या घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज मागाल तेव्हा बँक पगारपत्रकाऐवजी दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागते. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार, हा बरेच जण विसरतात. कणकवली-कुडाळात चांगले सीए आहेत, वर्षातून एकदा तासभर त्यांच्यापुढे बसा.

परदेशी ग्राहकाचे पैसे कसे येतात?

थेट बँकेत, किंवा पेओनियर, वाइज, पेपाल यांतून. पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत, पण परदेशातून पैसे येतात. फी बघताना नुसता आकार बघू नका, डॉलरचा भाव काय लावला तो त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडा. खरी कात्री तिथे लागते. प्रत्येक रकमेचा परकीय चलन मिळाल्याचा दाखला जपून ठेवा.

वीज आणि रेंज?

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट ठेवा. माझ्याकडे एक फायबर आणि एक वेगळ्या कंपनीचं सिम आहे. महामार्गाच्या खोदकामात फायबर तुटली तेव्हा सिमवर भागलं. राउटरला स्वतःचा छोटा बॅकअप लावा, लाईन गेली की तो आधी बंद पडतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती. लॅपटॉप घेऊन मी कुडाळात ओळखीच्या दुकानात बसायचे. त्यानंतर जून ते सप्टेंबर मी प्रत्येक मुदतीत एक दिवस जास्तीचा मागून घेते आणि कारणही सांगते. ग्राहकाला पाऊस समजतो. त्याला आदल्या रात्री अकरा वाजता कळलेला पाऊस समजत नाही.

चतुर्थीला सुट्टी कशी घेऊ?

महिनाभर आधी सगळ्या ग्राहकांना तारखा मेलने कळवा आणि मेलच्या सहीखाली लिहून ठेवा. अकरा दिवस ठेवलेत तर अकरा दिवस घ्या.

इथल्याच लोकांकडून काम मिळतं का?

मिळतं, आणि वाढतं आहे. मालवण-तारकर्लीचे होमस्टे, देवगड-रत्नागिरीचे बागायतदार, वेंगुर्ल्याचे काजूवाले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पेटीवरचा मजकूर, क्यूआर कोड, थेट विक्रीची वेबसाईट याची विचारणा बागायतदारांकडूनही होते. पण त्यांचं वर्ष वेगळं चालतं. बागायतदाराकडे मार्चमध्ये गेलात तर त्याला मान वर करायला वेळ नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बोला, जानेवारीपर्यंत काम पूर्ण करून द्या, निम्मे आधी घ्या आणि निम्मे आंबा विकल्यावर, असं ठरवलं तर दोघांनाही परवडतं. होमस्टेवाल्यांकडे पावसाळ्यात जा.

एआयमुळे भाषांतराचं काम संपलं म्हणतात.

साधी कामं कमी झाली, हे खरं आहे. यंत्राने केलेलं तपासून द्या, अशी कामं कमी दराने येतात. ज्या मजकुराची चूक कुणाच्या जिवावर किंवा पैशांवर बेतू शकते, तिथे जबाबदारी घेणारा माणूस लागतो. औषधाच्या डोसाच्या सूचनेत 'दिवसातून एकदा' आणि 'एका वेळी' यांची गल्लत मी यंत्राच्या मजकुरात पकडली आहे. विषय धरा: कायदा, वैद्यक, शेती, बँक.

इंग्रजी बोलायला अडखळतं. चालेल?

लिहिता यायला हवं. बोलणं ठराविक वीस-पंचवीस वाक्यांचं असतं, ती पाठ होतात. कॉल झाला की "आपलं असं ठरलं" अशी मेल लगेच पाठवा, ऐकण्यातल्या चुका तिथेच सुटतात.

घरचे विचारतात, घराक बसान करतंस तरी काय?

माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं विचारलं. समजावून काही झालं नाही. मग मी पडवीच्या टोकाची खोली कामासाठी ठरवली, सकाळी दहाला दार लावून बसायला लागले आणि पाच तारखेला घरखर्चाचे पैसे त्यांच्या हातात द्यायला लागले. आता शेजारी आले तर तेच सांगतात, ती कामावर आहे, दुपारी या.

नोकरी कधी सोडू?

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला असेल आणि किमान दोन ग्राहकांनी तुम्हाला दुसऱ्यांदा काम दिलं असेल तेव्हा. पहिलं काम कुणीही देतं, दुसऱ्यांदा बोलावलं म्हणजे काम पसंत पडलं. तोवर नोकरी सांभाळून रविवारी करा. आणि ज्याला हे सुरू करायचं आहे त्याने येत्या चतुर्थीच्या आत दोन नमुने तयार ठेवावेत. विचारायचं ते सगळे लोक तेव्हा एकाच घरात येणार आहेत.